टॉवेलापुरती पृथ्वी

हॉटेलच्या न्हाणीघरात एक छोटी पाटी असते. टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा. हजारो किलोमीटर उडून आलेला माणूस ती वाचतो, टॉवेल नीट दांडीवर वाळत घालतो आणि हलक्या मनानं झोपतो. इतक्या स्वस्तात पुण्य क्वचितच मिळतं!

टॉवेलाशी माझं भांडण नाही. पाणी आणि वीज वाचतेच. पण लांबच्या सहलीचा बराचसा भार मुक्कामी पोचण्याआधीच पडून गेलेला असतो, आणि तो दिसत नाही ही खरी अडचण. पेट्रोलचंच घ्या. एक लिटर पेट्रोलचं वजन जेमतेम पाऊण किलो. ते जळलं की निघतो सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, कारण इंधनातला कार्बन हवेतल्या प्राणवायूला सोबत घेऊन बाहेर पडतो. हा वायू काळ्या ढिगांच्या रूपात रस्त्यावर साचत गेला असता, तर कोपऱ्यापर्यंत जायला गाडी काढताना किल्ली क्षणभर हातातच राहिली असती.

या कोपऱ्यापर्यंतच्या फेऱ्या मोठ्या उधळ्या असतात. थंड इंजिन इंधन जास्त पितं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट तापल्याशिवाय कामाला लागत नाही, आणि तो तापेपर्यंत आपण पोचलेलो असतो. परत निघेपर्यंत गाडी पुन्हा गार. एवढ्या अंतराला पाय किंवा सायकल पुरते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून कुणी सांगितलं की राग येतो.

मोठ्या रस्त्यावर खर्च वाढवतो तो वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ८० वरून १०० वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो. बदल्यात शंभर किलोमीटरमागे पंधरा मिनिटं मिळतात. ती बहुधा गाडी लावायला जागा शोधण्यात जातात.

विमानाचा हिशेब नुसत्या इंधनावर संपत नाही. उंचावरच्या थंड, दमट हवेत त्याच्या मागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेषा कधी कधी पसरून विरळ ढग होतात आणि जमिनीची उष्णता अडवतात. दिवसा ते थोडं ऊन तरी परतवतात; रात्री मात्र नुसतं पांघरूण. शिवाय जवळच्या उड्डाणात बरंचसं इंधन वर चढण्यातच जातं. फ्रान्सनं २०२३ मध्ये, जिथे रेल्वेनं अडीच तासांच्या आत पोचता येतं अशा देशांतर्गत विमानफेऱ्यांवर बंदी आणली. प्रत्यक्षात तिच्या कचाट्यात मोजकेच मार्ग सापडले. तरी मला ती पटते, कारण तिथे निदान टॉवेलाऐवजी प्रवासाला हात घातला गेला.

म्हणून वर्षात चार धावत्या सुट्ट्या घेण्यापेक्षा एकच लांबलचक घ्यावी, या मताचा मी आहे. जाणं-येणं एकदाच होतं आणि तिसऱ्या दिवशी गल्ल्या ओळखीच्या वाटू लागतात. जाताना रेल्वे असेल तर उत्तमच. पोलादी रुळावर पोलादी चाक फारसं कुरकुरत नाही. रेल्वे नसेल तर गाडीत चौघं बसवावीत. माणशी धूर जवळजवळ चौथाईवर येतो. गाणी कुणाच्या आवडीची लावायची, यावर तोडगा अजून निघालेला नाही.