खुर्ची बदलली की बोलणं बदलतं : आमची वाटचाल

आमचं कुटुंब समुपदेशन केंद्र जुळे सोलापुरात भाड्याच्या हॉलमध्ये सुरू झालं. एक टेबल, समोर खुर्च्या, एवढाच पसारा. घरची मंडळी यायची, एकमेकांची गाऱ्हाणी आमच्यापुढे मांडायची आणि निवाडा मागायची. आपसात मात्र कुणी बोलत नसे.

मग माझ्या सहकारी सायकोड्रामाचं, म्हणजे मनातले प्रसंग नाटकासारखे करून दाखवणाऱ्या उपचारपद्धतीचं, प्रशिक्षण घेऊन आल्या आणि टेबल हॉलबाहेर गेलं. ही पद्धत मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांची. १९२०च्या दशकात व्हिएन्नात उत्स्फूर्त नाटकाचे प्रयोग करताना तिचा पाया घातला गेला. पुढे कुटुंबांचं समुपदेशन करणाऱ्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया सटायर यांनी घरातली माणसं प्रत्यक्ष उभी करून कोण कुणाच्या जवळ, कोण कुणाकडे पाठ फिरवून आहे, हे दाखवायला सुरुवात केली.

आमचा भर भूमिकांच्या अदलाबदलीवर आहे. यंत्रमागावर काम करणारे वडील आणि नोकरीसाठी पुण्याला निघालेला मुलगा आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). दोघांनी जागा बदलल्या. वडिलांच्या खुर्चीतून मुलगा त्यांच्याच सुरात म्हणाला, "गेलास तर परत येऊ नको." मुलाच्या खुर्चीतले वडील बराच वेळ खाली बघत राहिले. मग तेलुगूत म्हणाले, "नान्ना (बाबा), मी गेल्यावर तुम्हाला डबा कोण आणून देईल?" मुलगा म्हणाला, "हेच मनात होतं, बोलता येत नव्हतं."

ते तेलुगूत बोलले म्हणूनच बोलू शकले, असं मला ठामपणे वाटतं. सोलापूरच्या पूर्व भागातली कितीतरी घरं भांडतात आणि माया करतात ती तेलुगूत, काही घरं कन्नडमध्ये. म्हणून दोन्ही भाषा येणारी माणसं आम्ही सोबत घेतली. फीसुद्धा माणशी न घेता घरटी ठेवली. नाहीतर पैसे वाचवायला आजीला घरी ठेवतात, आणि अनेकदा घरातली खरी गाठ तिलाच ठाऊक असते.

प्रत्येक प्रसंगानंतर भूमिका उतरवणं आम्ही कधीच टाळत नाही. आपापल्या खुर्चीत परत बसायचं, स्वतःचं नाव घ्यायचं, मग काय वाटलं ते सांगायचं. घाई केली तर दुसऱ्याचा राग अंगावर घेऊनच माणूस घरी जातो.

मारहाण होत असलेल्या घरात मात्र आम्ही अदलाबदल करत नाही. मार खाणाऱ्या बाईला मारणाऱ्याच्या खुर्चीत बसवून त्याची बाजू समजून घे म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला आम्ही एकटीला भेटतो, आणि आधी तिच्या सुरक्षिततेचं बघतो.