डोळे सोडून ओठांकडे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वाचा-उपचाराच्या कामात हा प्रश्न हमखास येतो: "बाळ आठ महिन्यांचं झालंय, पण मी बोलायला लागले की डोळ्यांत बघायचं सोडून तोंडाकडेच टक लावतं. काही बिघडलंय का?"

बहुतेक वेळा नाही. चार महिन्यांचं बाळ डोळ्यांत बघतं. आठव्याच्या सुमारास, बडबड सुरू झाली की नजर ओठांवर उतरते. वर्षाच्या आसपास, भाषा रोजच्या कानावरची असेल तर ती पुन्हा वर सरकू लागते.

ओठ आणि आवाजाची सांगड मात्र याच्या बरीच आधीची. १९८२ साली पॅट्रिशिया कूल आणि अँड्र्यू मेल्टझॉफ या संशोधकांनी चार-पाच महिन्यांच्या बाळांना एकाच बाईचे दोन चेहरे शेजारी-शेजारी दाखवले. एक 'आ' म्हणतोय, दुसरा 'ई'. आवाज एकच, दोघांच्या मधून येणारा. जो स्वर ऐकू येई, तो म्हणणाऱ्या चेहऱ्याकडे बाळांनी सुमारे ७३ टक्के वेळ पाहिलं. दोन्ही तोंडं एकाच तालात उघडत-मिटत होती, म्हणजे वेळेवरून ओळखायची सोयच नव्हती. जबडा खाली पडला की 'आ', ओठ ताणले की 'ई', एवढं त्यांना कळत होतं. स्वतःला यातलं काहीच नीट म्हणता येत नसताना!

माझा लाडका प्रयोग २०१५चा, बाळांच्या भाषेवर संशोधन करणाऱ्या जॅनेट वर्कर यांच्या प्रयोगशाळेतला. त्यात चेहरा नव्हताच, फक्त आवाज: आपला 'द' आणि 'ड'. म्हणून बघा. 'द'ला जीभ दातांना टेकते, 'ड'ला टोक मागे वळतं. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्यांना हा फरक सहसा पकडता येत नाही, पण इंग्रजी घरातल्या सहा महिन्यांच्या बाळांना येतो. त्यांच्या तोंडात जिभेचं टोक अडवणारं टीदर (दात येताना बाळाला चावायला देतात ते खेळणं) धरलं, आणि त्यांना फरक कळेना. जीभ मोकळी ठेवणारं टीदर दिलं, तर कळला. बाळ ऐकतं त्यात जिभेचाही वाटा असतो, तो असा.

(टीदर फेकून द्यायचं का? नको हो. प्रयोगात ते काही मिनिटांपुरतं होतं.)

आता त्या 'बहुतेक वेळा'चं. ओठांकडे बघणाऱ्या बाळाच्या पाठीमागून हाक मारा. वळलं तर बघू दे खुशाल. तुम्ही दिसत नसताना ते कधीच वळत नसेल, तर आधी कान तपासून घ्या.