बदली लॅपटॉप मिळाला, पण कोणता?

वॉरंटीत लॅपटॉप बदलून देतो, असा कंपनीचा मेल आला त्या दिवशी दिरांनी पेढे आणायची तयारी केली होती. मी म्हटलं थांबा, आधी देतायत काय ते बघू. खरी घासाघीस त्या मेलच्या पुढेच झाली. बिघडलेला लॅपटॉप बिघडलेला आहे हे कंपनीला मान्य करायला लावणं हा त्रासाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा ‘त्याच तोडीचा’ म्हणून कंपनी काय गळ्यात मारते तो, आणि त्याबद्दल कोणी फारसं सांगत नाही. म्हणून हे लिहिते.

मी सांगलीत डीटीपीचं काम करते. पुस्तकांची पानं लावते, मुखपृष्ठं करते, आणि जुलैपासून दिवाळी अंकांचा हंगाम. लॅपटॉप घेतला ७४,९९० रुपयांना, वर पैसे भरून वॉरंटी तीन वर्षांची करून घेतली. दुसऱ्या वर्षी, नेमका अंकांच्या तोंडावर, काम चालू असताना पडदा हिरवट व्हायचा, पंखा सुसाट सुटायचा आणि मशीन बंद. इनडिझाइनमधली, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधली, मोठी फाइल उघडली की हमखास.

अधिकृत सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. त्यांनी मदरबोर्ड बदलला. काही आठवड्यांनी तेच सुरू. पुन्हा मदरबोर्ड. पुन्हा तेच, आणि या खेपेला जॉबशीटवर, म्हणजे सेंटरच्या दुरुस्ती-नोंदीच्या कागदावर, शेरा: ‘नो फॉल्ट फाउंड’, दोष सापडला नाही.

मध्येच एक सांगून ठेवते, कारण यात भलेभले अडकतात. मदरबोर्ड बदलला की विंडोज सुरू होताना निळा पडदा येऊन बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लावलेल्या कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. डिस्क ज्या टीपीएमशी, म्हणजे सुरक्षेच्या चिपशी, बांधलेली असते तो जुन्या बोर्डाबरोबर गेलेला असतो, त्यामुळे मशीन तुम्हाला ओळखत नाही. बिटलॉकर आपण कधी चालू केला हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. विंडोज बसवताना मायक्रोसॉफ्ट खातं जोडलं असेल तर ती की बहुधा त्या खात्यात सापडते. लॅपटॉप दुरुस्तीला द्यायच्या आधी ती कागदावर उतरवून घ्या. सेंटरवाले ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’ या ओळीवर आपली सही घेऊन मोकळे होतात.

तर ‘नो फॉल्ट फाउंड’. हा शेरा तसाच घेऊन घरी आलं तर पुढचं सगळं अवघड होतं, कारण उद्या कंपनी स्वतःच्या कागदावर बोट ठेवणार. काउंटरवरचा इंजिनिअर पोरगा चांगला होता. मी आवाज चढवायच्या आतच हळू म्हणाला, “ताई, हितं भांडून काय व्हायचं नाही. माझ्या हातात काय नाही. जॉबशीटवर काय लिवलंय तेवढंच वर बघतात.” सगळ्या प्रकरणातला सर्वांत कामाचा सल्ला हाच. मी लॅपटॉप उचललाच नाही. माझी तीच जड फाइल त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच चार्जरवर उघडून ठेवा म्हटलं. फोनवर कस्टमर केअरने ‘मॅडम, घर का व्होल्टेज’ हे पालुपद लावलं होतं, त्याचंही उत्तर त्यातच मिळणार होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर पडदा हिरवा झाला. पोराने व्हिडिओ काढला आणि नव्या जॉबशीटवर लिहिलं: दोषाची खात्री झाली, मदरबोर्ड यापूर्वी दोनदा बदलला आहे.

विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ नावाचं एक पान असतं, त्यात मशीन कधी कधी आडवं पडलं ते लाल फुल्यांनी तारीखवार दिसतं. त्याचा फोटोही मी जोडला. पण खरं सांगायचं तर त्याचा जीव लहान. विंडोजच्याच नोंदवहीतली, इव्हेंट व्ह्यूअरमधली, कर्नल-पॉवर ४१ ही नोंदही एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. का झालं, हे सांगत नाही. कंपनीचा स्वतःचा कागद या सगळ्यापेक्षा जड.

मग मेल. लांबलचक रडगाणं नाही. बिल, जॉबशीटा, व्हिडिओ, आणि एकच मागणी: याच क्षमतेचा नवीन लॅपटॉप द्या, अमुक तारखेपर्यंत लेखी कळवा. उत्तर आलं ‘वुई रिग्रेट द इनकन्व्हिनियन्स’ छापाचं. मग १९१५ लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती कुणाला आदेश देऊ शकत नाही, हे आधीच समजून घ्यावं म्हणजे नंतर चिडचिड होत नाही. पण तिथे नोंदवलेली तक्रार कंपनीच्या वेगळ्या टेबलावर जाते. त्या टेबलावरच्या माणसाला थोडेफार अधिकार असतात. काउंटरच्या पोराला ते नव्हते आणि फोनवरच्या मुलीलाही नव्हते.

त्या टेबलावरून पहिला देकार आला पैशांचा. घसारा वजा करून ४१,००० रुपये. दीर म्हणाले, “वहिनी, घेऊन टाका, वर भर घालून नवा घेऊ.” भर कुणी घालायची? वॉरंटी विकताना घसाऱ्याचा शब्द कुणी काढला नव्हता. तीन वर्षं चालता लॅपटॉप मिळावा म्हणूनच मी जास्तीचे पैसे मोजले होते. नाही म्हटलं.

दुसरा देकार म्हणजे तो पेढ्यांचा मेल. माझं मॉडेल बंद झालंय, म्हणून ‘समतुल्य किंवा वरचं’ मॉडेल. वरवर बघता खरंच वरचं. माझा प्रोसेसर इंटेलच्या बाराव्या पिढीतला, आय५-१२५००एच. देत होते तेराव्या पिढीतला, आय५-१३३५यू. पिढी पुढची, मग तक्रार कसली? तक्रार शेवटच्या अक्षराची. एचवाला ४५ वॅटचा, १२ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आणि १६ थ्रेडचा (एका वेळी चालणारी कामं). यूवाला १५ वॅटचा, १० कोअर आणि १२ थ्रेडचा, आणि त्यातही दमदार कोअर चाराऐवजी दोनच. यू मालिका बॅटरी पुरवून वापरायला चांगली, पण चारशे पानांची पीडीएफ बाहेर काढताना दम लागतो.

रॅम १६ जीबीची ८ झाली होती. ‘मॅडम, बाद में बढ़ा लीजिए.’ मॉडेलचं स्पेसिफिकेशन उघडून बघितलं तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, वाढवायला जागाच नाही.

आणि पडदा. यावर मी सर्वांत जास्त अडून बसले. दोन्ही फुल एचडी, दोन्ही १५.६ इंची, त्यामुळे त्यांच्या तक्त्यात दोन्हींसमोर बरोबरची खूण. पण माझा पडदा १००% एसआरजीबीचा आणि हा ४५% एनटीएससीचा. पडदा किती रंग दाखवतो ते मोजायची ही दोन मापं. एनटीएससीचा तो आकडा एसआरजीबीत मांडला तर साधारण दोनतृतीयांशाच्या आसपास रंग हाती लागतात. लाल रंग विटका दिसतो, केशरी आणि पिवळ्यातला फरक मरतो. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर दुसरं असतं काय हो? संपादकांना आणि छापखान्यात मी मुखपृष्ठ लॅपटॉपवरच दाखवते. या पडद्यावर पास झालेला झेंडू छापून आला की शिव्या मला.

हे मी फोनवर सांगत बसले नाही. दोन्ही मॉडेलांची कंपनीच्याच वेबसाइटवरची पानं समोरासमोर ठेवून, फरक पिवळ्याने रंगवून पाठवली. माझं मत कुठेच लिहिलं नाही. त्यांचेच आकडे.

उत्तराला जरा वेळ लागला आणि आलं ते वेगळ्याच दारातून. बिल माझ्या नावावर नव्हतं, ग्राफिक्सच्या दुकानाच्या नावावर होतं. म्हणजे व्यापारी वापर, म्हणजे तुम्ही ग्राहक कायद्यात बसतच नाही, हे आम्ही ‘गुडविल’ म्हणून देतोय, घ्या नाहीतर सोडा. इथे मात्र मी घाबरले. वकील मैत्रिणीला फोन केला तर ती हसायलाच लागली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच, ग्राहकाची व्याख्या करणाऱ्या कलम २(७) खाली स्पष्टीकरण आहे: स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका करण्यासाठीच वस्तू घेतली आणि वापरली असेल तर तो व्यापारी वापर धरत नाहीत. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात याची उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक टाइपरायटरचं: दुसऱ्यांचं टंकलेखन करून पोट भरण्यासाठी माणूस स्वतः टाइपरायटर घेतो, तो ग्राहकच. गंमत म्हणजे ती कंपनी स्वतः खटला हरली, तिचं मोठं यंत्र त्या व्याख्येत बसलं नाही. पण उदाहरण राहिलं, आणि डीटीपीवालीला याहून जवळचं उदाहरण कुठलं मिळणार! माझ्या दुकानात मी एकटीच, पगारावर कुणी नाही. दुकान परवान्याचा कागद आणि कलमाचा उतारा मेलला जोडला.

वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात ‘फक्त बंगळुरूच्या न्यायालयांचं अधिकारक्षेत्र’ असंही होतं. त्यालाही पूर्वी मी घाबरले असते. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. आयोग दोष काढून द्यायला, वस्तू बदलून द्यायला किंवा पैसे परत द्यायला सांगू शकतो, नुकसानभरपाई वेगळी. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच, असं लिहिलंय. मैत्रीण म्हणाली, त्या महिन्यांवर फार भरवसा ठेवू नकोस. म्हणून आम्ही तक्रार लिहून काढली पण दाखल केली नाही. तिची प्रत मेलला जोडली आणि १५ सप्टेंबरला सांगलीच्या आयोगात दाखल करतेय एवढंच कळवलं. धमकीचा एक शब्द नाही. मसुदा तयार दिसला की समोरच्यालाही हिशेब मांडता येतो.

पुढचा फोन मात्र माणसासारखा झाला. बोलणाऱ्या बाईंनी पहिल्यांदाच विचारलं, “आपको काम के लिए क्या चाहिए?” त्यांच्याकडे दोन पर्याय होते. माझ्याच तोडीचा १५.६ इंची, पण रिफर्बिश्ड, म्हणजे परत आलेला, दुरुस्त करून दिलेला. किंवा नवाकोरा, एच प्रोसेसर, १६ जीबी, १००% एसआरजीबी, पण १४ इंची. वॉरंटीच्या अटींत ‘नवीन किंवा रिफर्बिश्ड’ असे शब्द असतात, आणि दुरुस्तीत जुना सुटा भाग बसवला तर मी एवढी हटून बसले नसते. पण दोन बोर्ड खाल्लेल्या मशीनच्या बदल्यात दुसऱ्या कुणीतरी परत केलेलं मशीन? नको. १४ इंची घेतला. पडदा लहान झाला, आकड्यांच्या किल्ल्या गेल्या. त्या मी यूएसबीवर वेगळ्या लावून घेतल्या.

संमतीच्या मेलमध्ये त्यांनी ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’, म्हणजे यापुढे काहीच मागणार नाही, असं टाकलं होतं. ते काढायला सांगितलं. त्याऐवजी लिहून घेतलं की मिळाल्यावर तपासून मान्य करेन, उरलेली वॉरंटी नव्या सीरियल नंबरवर चढेल आणि तिच्यात एक वर्षाची भर पडेल. हे वर्ष त्यांनी कुरकुरत दिलं, कारण तोपर्यंत कंपनीच्याच दुरुस्त्यांत माझे महिने गेले होते.

कंपनीला जुना लॅपटॉप परत हवा होता, एसएसडीसकट, म्हणजे आतल्या डिस्कसकट. त्यात लेखकांची न छापलेली हस्तलिखितं. कोल्हापूरच्या त्याच पोराने एसएसडी काढून दिली, बाहेरच्या डब्यात घालून मी सगळं उतरवून घेतलं आणि पुसून परत दिली. माझी श्रीलिपी, म्हणजे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, जुनी, यूएसबीत खोचायच्या डोंगलवर चालणारी, त्यामुळे ती हलवायला काहीच लागलं नाही. एरवी डोंगलला नावं ठेवते मी.

नवा आला तेव्हा कुरिअरवाल्यासमोरच खोका उघडताना व्हिडिओ काढला, सीरियल नंबर बिलाशी आणि वेबसाइटवरच्या वॉरंटीशी ताडून बघितला. वेबसाइटवर जुनीच तारीख दिसत होती. पुन्हा मेल, मग दुरुस्त झाली. मग पहिली तीच जड फाइल उघडली आणि रात्रभर चालू ठेवली. पडदा हिरवा झाला नाही.

मधल्या काळात अंक पुरे करायला मी भाड्याने कॉम्प्युटर आणला होता. त्याचं भाडं सुरुवातीपासून मागत होते. त्या बाई म्हणाल्या, भाडं आणि जास्तीचं वर्ष यातलं एकच मंजूर करता येईल. मी वर्ष घेतलं. दिरांच्या मते भाडं घ्यायला हवं होतं, आणि यावर आमच्याकडे अजून एकमत झालेलं नाही.