कोल्हापूर ते दोहा, पोरांचा वर्ल्ड कप बघायला

ऑफिसात सुट्टी टाकताना साहेबांनी विचारलं कुठं चाललाय, म्हटलं कतारला फुटबॉलचा वर्ल्ड कप बघायला. ते म्हणाले तो तर २०२२ ला झाला की. त्यांना १७ वर्षांखालच्या पोरांचा पण वर्ल्ड कप असतो हे समजावण्यात पंधरा मिनिटं गेली आणि शेवटी "म्हणजे शाळेच्या मॅचेस बघायला इतका खर्च?" असं म्हणून त्यांनी सही केली.

तर हा त्या दौऱ्याचा वृत्तांत, नोव्हेंबर २०२५ चा. ही स्पर्धा आता दरवर्षी होणार आहे आणि २०२९ पर्यंत कतारातच, त्यामुळं अजून बऱ्याच जणांना जायची संधी आहे. मुलींचा १७ खालचा वर्ल्ड कप असाच पाच वर्षं मोरोक्कोत आहे, पण ते आपल्याला लांब पडतं. मुंबईहून दोहा चार तासांच्या आत येतं. मला तर कोल्हापूरहून मुंबई गाठायलाच जास्त वेळ लागला, रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, पहाटे दादरला उतरून टॅक्सी.

आधी हे वेड कुठून आलं ते सांगतो. आम्ही पेठेतली माणसं, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा अशा तालमींच्या फुटबॉल मॅच बघत मोठे झालो. २०१७ ला हा वर्ल्ड कप भारतात होता तेव्हा आपल्या टीमात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, मग काय, आम्ही पाचजण गाडी काढून नवी मुंबईला डी वाय पाटीलला सेमीफायनल बघायला गेलो, माली विरुद्ध स्पेन. (भारत तेव्हा ग्रुपमध्येच बाहेर पडला होता, ते माहीत असूनही गेलो.) स्पेन ३-१ जिंकलं, तिसरा गोल फेरान टोरेसचा, तोच जो पुढं बार्सिलोनाला गेला. पण लक्षात राहिला तो मालीच्या पोराचा लांबून मारलेला शॉट, बारला लागून चेंडू रेषेच्या आत पडला आणि गोल दिलाच नाही. त्यावरून आम्ही परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत भांडत आलो. तेव्हाच ठरवलं होतं की परत कधीतरी ही स्पर्धा बघायची, आणि दोनचार मॅच नाही, पोटभर.

दोह्यात पोटभर म्हणजे किती ते ऐका. २०२५ ला पहिल्यांदाच ४८ टीम, १०४ मॅचेस, आणि फायनल सोडून बाकी सगळ्या एकाच आवारात, अस्पायर झोनमध्ये. तिथं शेजारी शेजारी आठ मैदानं आहेत, छोटे स्टँड बांधलेली. ग्रुपच्या दिवसांत रोज आठ मॅच आणि तिकीट मॅचचं नाही तर दिवसाचं. एक पास काढायचा आणि दिवसभर या मैदानावरून त्या मैदानावर. गणपतीत आपण देखावे बघत फिरतो ना, हा बघितला, चला पुढच्या गल्लीत, तसंच. पासाची किंमत आपल्याकडच्या चांगल्या मल्टिप्लेक्समधल्या तिकिटापेक्षा जास्त नव्हती. त्यामुळं माझा पहिला सल्ला हाच की सेमीफायनल फायनलच्या मागं लागू नका, ग्रुपच्या मॅचेसना जा. शेवटी शेवटी मॅच कमी होतात, पहिल्या नऊ दिवसांत मात्र ४८ देशांची पोरं तुमच्या डोळ्यासमोर खेळून जातात.

आता जायचं कसं. दोहा मेट्रोची गोल्ड लाईन पकडायची आणि स्पोर्ट सिटी स्टेशनला उतरायचं, एअरपोर्टहून येत असाल तर रेड लाईननं म्शैरब आणि तिथं बदलायचं. एका फेरीला २ रियाल आणि दिवसभराचे ६, म्हणजे दिवसाला दीडशे रुपयात तुम्ही आख्खं दोहा फिरता. डब्यात काही खायचं नाही, दंड असतो. शुक्रवारी मेट्रो उशिरा चालू होते हे ध्यानात ठेवा, तिथं शुक्रवार शनिवार सुट्टी असते. मी मावसभावाकडं राहिलो, त्याचं घर बिन महमूदला, गोल्ड लाईनवरच, त्यामुळं मला सोपं गेलं. हॉटेल बघणार असाल तर अल सद्द किंवा बिन महमूद बघा, दोन्हीकडून गाडी न बदलता थेट जाता येतं आणि आपलं खाणं पण आजूबाजूला मिळतं.

पहिल्या दिवशी मी स्टेशनातून बाहेर पडलो आणि समोर भलंमोठं खलिफा स्टेडियम दिसलं तर सरळ तिकडंच चालत सुटलो. स्टेडियमचं गेट बंद, चिटपाखरू नाही. खलिफावर फक्त फायनल होती. मॅचेसची मैदानं अस्पायर अकॅडमीच्या बाजूला, आणि आवार इतकं पसरलेलं आहे की चुकलेली वाट परत चालायला माझी पंचवीस मिनिटं गेली. त्यामुळं आदल्या दिवशीच नकाशात बघून ठेवा कुठलं गेट. टॉर्च टॉवर म्हणून ३०० मीटर उंच मशालीसारखी इमारत आहे, ती कुठूनही दिसते, तिच्यावरून दिशा लक्षात ठेवायची. आणि चपला घालून जाऊ नका बाबांनो, बूट घाला, मी रोज सहजच दहा बारा किलोमीटर चालत होतो.

दुसरा गाढवपणा मोबाईलचा. पास मोबाईलवर असतो, आणि मी सकाळपासून फोटो काढून काढून बॅटरी संपवून टाकली. गेटवर मोबाईल बंद. तिथल्या एका केरळी पोरानं त्याच्या चार्जरला दहा मिनिटं लावू दिला म्हणून आत गेलो. पॉवर बँक घ्या. आणि तिथं प्लगला ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी पिना लागतात, ॲडॉप्टर इथूनच घेऊन जा.

आता मॅचेस. मी ब्राझीलवाला, त्यामुळं ४ तारखेला ब्राझील-होंडुरास सोडली नाही, ७-० मारलं, व्हिडिओ कॉल करून पेठेतल्या अर्जेंटिनावाल्यांना दाखवलं. पण खरं सांगू का, मला लागलेलं वेड वेगळंच होतं, न्यू कॅलेडोनिया. नाव ऐकलंय का कधी? पॅसिफिकमधलं बेट आहे, फ्रान्सच्या ताब्यातलं, लोकसंख्या आपल्या कोल्हापूर शहराच्या निम्मी असेल. पहिल्या दिवशी त्यांची पोर्तुगालबरोबर मॅच, सहा गोल खाल्ले, एक मारला. तो एक मारला तेव्हा त्यांची पोरं अशी नाचली की जणू कप जिंकलाय. मग ६ तारखेला जपानबरोबर. जपाननं आदल्या मॅचला मोरोक्कोला हरवलेलं, त्यामुळं मी म्हटलं आज दहा बसतात. आणि भावांनो ०-० ! सगळी टीम गोलच्या तोंडाशी, पाय मध्ये, डोकं मध्ये, काय मिळेल ते मध्ये. शेवटची शिट्टी वाजल्यावर स्टँडमधले आम्ही दोनतीनशे जण, एकाचाही त्या देशाशी संबंध नाही, उभं राहून टाळ्या. शाहू स्टेडियमवर लहान तालमीच्या टीमनं मोठीला अडवल्यावर जसा दंगा होतो तसाच.

९ तारखेला ग्रुपच्या शेवटच्या मॅच, त्या एकाच वेळी असतात, म्हणजे एकच बघता येते. मी जपान-पोर्तुगालला बसलो. पलीकडं न्यू कॅलेडोनिया मोरोक्कोशी खेळत होते आणि मी मोबाईलवर स्कोअर बघत होतो, प्रत्येक वेळी उघडला की आकडा वाढलेला. शेवटी १६-०. या स्पर्धेच्या इतिहासातला सगळ्यात मोठा विजय. झालं असं की आधीच्या दोन मॅच हरल्यामुळं मोरोक्कोला गोलांचा फरक भरून काढायचा होता, म्हणून ती पोरं थांबलीच नाहीत, आणि त्या फरकावरच तिसऱ्या नंबरवरून पुढं गेली, पार क्वार्टर फायनलपर्यंत. जपानला ०-० नं अडवून तीन दिवसांत १६ खाणं, सतरा वर्षांच्या पोराला काय वाटलं असेल. माझ्या डोक्यातून अजून जात नाही. मी बसलो होतो तिथं जपाननं पोर्तुगालला २-१ हरवलं. हे पोर्तुगाल पुढं कप जिंकलं! फायनलला ऑस्ट्रियाला १-०, गोल अनिसियो काब्रालचा, ती मी घरी येऊन बघितली.

अजून एक, युगांडा. पहिल्यांदाच या वर्ल्ड कपला आलेली टीम आणि फ्रान्सला १-० हरवलं. माझ्या बाजूला युगांडाचे कामगार बसले होते, दिवसभर ड्युटी करून आलेले, काही जण अजून युनिफॉर्ममध्येच. त्यांच्यातल्या एकानं मला मिठी मारली ती सोडेचना. तिथं स्टेडियममध्ये असेच लोक येतात, त्या त्या देशाचे पोट भरायला आलेले. इंडोनेशियाच्या मॅचला तर बायका पोरांसकट जत्रा होती. आपली टीम नाही ही खंत अशा वेळी जास्त होते. आपण या वर्ल्ड कपला फक्त एकदाच खेळलोय, २०१७ ला, ते पण यजमान म्हणून. दोह्यात इतके भारतीय आहेत की आपली टीम आली तर ते छोटे स्टँड पुरणार नाहीत.

आणि हो, त्या मालीच्या गोलाची आठवण काढली ना, आता इथं कोचला दाद मागता येते. नेहमीचा व्हीएआर, म्हणजे वेगळे रेफरी व्हिडिओ बघून निर्णय तपासतात तो नाही, ही त्याची स्वस्तातली आवृत्ती. कोचला वाटलं की निर्णय चुकला तर तो बोट गोल फिरवून चौथ्या रेफरीला कार्ड देतो आणि रेफरी बाजूच्या स्क्रीनवर जाऊन बघतो. मॅचला दोन संधी, बरोबर निघालं तर संधी शाबूत. क्रिकेटच्या डीआरएससारखंच, त्यामुळं आपल्या माणसाला पटकन कळतं, शेजारच्या फिलिपिनो काकांना मीच समजावून सांगितलं. नॉकआऊटला बरोबरी झाली की एक्स्ट्रा टाईम नाही, थेट पेनल्टी. माझ्या लाडक्या ब्राझीलला पोर्तुगालनं सेमीफायनलला असंच घालवलं, ०-० आणि मग पेनल्टीवर ६-५. अर्जेंटिनावाल्यांनी तो व्हिडिओ मला अकरा वेळा पाठवला.

दिवस कसा लावायचा ते सांगतो. पहिल्या मॅच साडेतीन चारच्या सुमाराला सुरू होतात, दुसऱ्या पावणेसहा सहाच्या पुढं. सुरुवातीला ऊन तोंडावर येतं, त्यामुळं टोपी गॉगल पाहिजे, पण पाचच्या आधीच सूर्य मावळतो आणि मग हवा मस्त होते, नोव्हेंबरात स्वेटर वगैरे लागत नाही. दोन मैदानांत चालायला वेळ लागतो त्यामुळं हावरटासारखं चार मॅच बघायला जाऊ नका, मी एके दिवशी तसं केलं आणि तीन गोल झाले ते तिन्ही मी चालत असताना. दोन पूर्ण बघा, तिसऱ्याचा तुकडा मिळाला तर मिळाला. सकाळ मोकळीच असते, तेव्हा सूक वाकिफ बाजार आणि इस्लामिक आर्टचं म्युझियम करून घ्या, गोल्ड लाईनवरूनच जाता येतं. मॅच संपल्यावर अस्पायर पार्कात तळ्याकाठी बसायचं, बाहेर येऊन कडक चहा प्यायचा, ते लोक त्याला करक म्हणतात, वेलदोडा घातलेला, आपल्या जिभेला लगेच पटतो.

व्हिसाचं मी मुद्दाम तपशिलात लिहीत नाही कारण नियम बदलत राहतात, हॉटेल बुकिंगवर मिळणारा वेगळा आणि नातेवाइकाकडं राहायचं असेल तर वेगळा. हय्या नावाचं त्यांचं सरकारी पोर्टल आहे, तिथंच बघा, एजंटच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. मला एकानं चुकीचं सांगून आठवडाभर घोर लावला होता. पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा पाहिजे.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, सामान. आईनं मावसभावासाठी दोन किलो कांदा-लसूण चटणी बांधून दिली होती. निघायच्या आदल्या रात्री त्याचा फोन, "चटणीत खसखस आहे का रे?" आहे की, आमच्याकडं घालतातच. म्हणाला, "मग ठेव तिथंच, खसखस इथं ड्रग्समध्ये धरतात, पकडलास तर वर्ल्ड कप जेलमधनं बघशील." खरंच आहे हे, गल्फला जाणाऱ्यांनी खसखशीचा दाणासुद्धा नेऊ नये. औषधांचं पण तसंच, खोकल्याची, दुखण्याची काही औषधं तिथं चालत नाहीत, त्यामुळं डॉक्टरची चिठ्ठी जवळ पाहिजे आणि नक्की चालतं का ते आधी बघायला पाहिजे. आई रात्री अकराला परत मिरच्या भाजायला बसली, आख्ख्या गल्लीला ठसका. बिनखसखशीची चटणी नीट पोचली. मावसभाऊ म्हणाला चव जरा कमी वाटते. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.