राहतो कुठे, हे सिद्ध करताना

बँकेत खातं उघडायचं, एवढंच काम होतं. त्यासाठी चार वेळा लाँच पकडली.

शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव शेतबंदर, रेशनकार्डावर घारापुरी, आधारवर कुणीतरी एलिफंटा टाकलेलं. काउंटरवरच्या मॅडमनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "तुम्ही नक्की राहता कुठे?"

"एकाच घरात," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

मग समजावत बसलो. बेट एक, टेकड्या दोन, मध्ये अरुंद दरी. वस्त्या तीन: शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर. पंचायत मात्र एकच, घारापुरी. तालुका उरण, जिल्हा रायगड. गेटवेवरून लाँच सुटते म्हणून लोक आम्हाला मुंबईत धरतात. एलिफंटा हे पोर्तुगीजांनी ठेवलेलं नाव. राजबंदरच्या बाजूला दगडी हत्ती होता, त्यावरून. १८१४ साली त्याची मान तुटून पडली, १८६४ला त्याला मुंबईला नेलं, आता तो भायखळ्याला राणीच्या बागेत उभा आहे. हत्ती गेला, नाव माझ्या आधारवर राहिलं.

घारापुरीचा अर्थ त्यांनी विचारला नव्हता, तरी सांगितला. कुणी म्हणतं मूळ अग्रहारपुरी. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या ऐहोळे शिलालेखातली 'पुरी' म्हणजे हीच, असं काही अभ्यासक मानतात. काही जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडे बोट दाखवतात. मागे रांग वाढत होती.

"लाइटबिल आणा."

आमच्याकडे तारेची वीज आली तीच फेब्रुवारी २०१८मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर. बिल नेलं, तर ते वडिलांच्या नावावर.

शेवटी ग्रामपंचायतीतून रहिवासी दाखला घेतला आणि त्यात मुद्दाम लिहून घेतलं की शेतबंदर ही घारापुरीचीच वस्ती, आणि एलिफंटा म्हणतात तेही हेच बेट. तो घेऊन आधार दुरुस्तीला उरणला निघालो. पहिल्या दिवशी ओहोटी लागली. मोऱ्याच्या धक्क्याला गाळामुळे लाँच लागेना, खेप फुकट. (हे मोरा उरणचं, आमचं मोराबंदर वेगळं. मॅडमना हे सांगायचं धाडस केलं नाही.)

आधार बदलून आलं, मग खातं दहा मिनिटांत उघडलं.

दाखल्याच्या चार झेरॉक्स ट्रंकेत ठेवल्यात. जूनमध्ये धाकट्या बहिणीचं ॲडमिशन आहे. तिचा जन्म आजोळचा, तिच्या कागदावर मोराबंदर आहे.