आमची वाटचाल : मेण, मलम आणि एक वजनकाटा

सुरुवात लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत झाली. गॅसवर पातेलं, पातेल्यात पाणी, पाण्यात स्टीलचा डबा आणि डब्यात मधमाशांचं मेण. ओठांना आणि टाचांच्या भेगांना लावायचं मलम, एवढाच माल. मेण वितळलं की वास पार जिन्यापर्यंत जायचा. शेजारच्या काकू डोकावायच्या, "आज काय गोडाचं?" मलम म्हटलं की हिरमुसून परत.

पहिल्याच उन्हाळ्यात हात पोळले. स्वस्तात घेतलेल्या मेणात पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासूनचं मेण, निघालं. शुद्ध मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, आमचं त्याच्या कितीतरी आधी सुटलं. मे महिन्यात पाठवलेल्या डब्यांतून तेल गळालं आणि पैसे परत द्यावे लागले.

मग थेट मधपाळांकडून मेण घ्यायचं ठरवून महाबळेश्वरच्या फेऱ्या सुरू केल्या. तिथे डोळे उघडले. सातेरी माशीची, म्हणजे पेटीत पाळायच्या देशी मधमाशीची, पेटी असली की चौकट यंत्रात फिरवून मध काढतात आणि पोळं परत पेटीत ठेवतात. मेण मिळतं ते फक्त मधाच्या घरांवरच्या झाकणांचं, मूठभर. बाजारातलं बरंचसं मेण आग्या माशीचं, म्हणजे अख्खं पोळं कापून आणलेलं. आमचं मलम तेव्हापासून महागलं, त्याला इलाज नाही.

एका मधपाळाच्या पेट्यांवर एक विद्यार्थी काम करत होता. पावसाळ्यात फुलोरा नसतो, साठा संपतो आणि सातेरी घर सोडून जाते. नेमकी कधी, हे त्याला हुडकायचं होतं. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, पण डोंगरातली पेटी दर आठवड्याला उचलायला तिथलाच माणूस लागतो.

त्याच्या कामासाठी आम्ही मलमाच्या डबीमागे ५ रुपये बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायला लागलो. पैसे साठल्यावर मोठ्या ऐटीत विचारलं, "सूक्ष्मदर्शक घेऊया का?" तो म्हणाला, "ताई, वजनकाटा द्या. आणि एक ताडपत्री."

दिला. आता दर रविवारी वहीच्या पानाचा फोटो येतो. पेटी हलकी होत गेली की साठा संपतोय, साखरेचा पाक द्यायचा. परवा चार नंबरची पेटी तीनशे ग्रॅमनी उतरली होती. पाक दिला का, म्हणून विचारलंय; तिकडे रेंज नाही, उत्तर यायचंय.