नाकाच्या बांबूपट्ट्या

एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये ताडपत्री शिवतो, मंडपाचं कापड आणि जाहिरातीचे फुगे बनवतो. एप्रिलात नवी पेठेतल्या एका दुकानाच्या उद्घाटनासाठी एअरशिपच्या, म्हणजे हलक्या वायूवर तरंगणाऱ्या लांबट हवाई जहाजाच्या आकाराचा, सहा मीटर लांबीचा हेलियमचा फुगा दिला होता. पहाटे सहाला तट्ट भरून, दोर बांधून गच्चीवरून वर सोडला.

दुपारी पारा 42 वर. गच्चीवर धावत गेलो तर फुग्याचं पोट ढोलासारखं ताणलेलं, जोडाची पट्टी पांढरी पडलेली. वायू वीस अंशांनी तापला की सुमारे 7 टक्के फुगतो, आणि उन्हात फुग्यातला हेलियम बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापतो. हे मला ठाऊक होतं, तरी पहाटे हात आखडला नाही. झडप उघडून महागाचा गॅस सोडून दिला. जीव तुटला.

संध्याकाळी गार वारं सुटलं आणि फुगा मऊ पडला. नाक आत दबलं, शेपूट भरकटली.

आमचे अण्णा, जुन्या गिरणीतले कामगार, खालून म्हणाले, "आत बांबूचा सांगाडा का घालत नाहीस बे?"

प्रश्न बरोबर होता. एअरशिप बांधणाऱ्या जर्मनीच्या झेपेलिन कंपनीनं तेच केलं होतं. तिच्या 245 मीटरच्या हिंडेनबर्ग एअरशिपला ड्युरॅल्युमिनचा, म्हणजे हलक्या अॅल्युमिनियम मिश्रधातूचा सांगाडा होता, आत वायूच्या 16 वेगळ्या पिशव्या. गॅस कमी-जास्त झाला तरी आकार मोडत नसे. ते रिजिड, म्हणजे ताठ सांगाड्याचं. पण हेलियमचा एक घनमीटर जेमतेम किलोभर ओझं उचलतो. आपल्या फुग्यात बारा घनमीटर. निम्मी ताकद कापडातच जाते, बांबू घातला की जमिनीवरच बसेल. लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की वायू आठपट होतो, कापड चौपटच लागतं. म्हणून सांगाडा प्रचंड एअरशिपलाच परवडतो.

"मग नुसता खालून एक वासा?" अण्णांनी विचारलं.

तेही आहे, सेमी-रिजिड, म्हणजे अर्धं ताठ. इटलीच्या नोबिले या इंजिनिअरनं बांधलेलं नॉर्ज नावाचं एअरशिप 1926 मध्ये उत्तर ध्रुवावरून गेलं, त्याच्या पोटाखाली लांबलचक कणा होता. इंजिनांचा, माणसांचा भार कण्यावर. पिशवीचा आकार मात्र दाबानंच टिकायचा. आपल्या फुग्याला उचलायला भारच नाही, कणा कशाला?

आपला नॉन-रिजिड, बिनसांगाड्याचा. आतला दाब हेच त्याचं हाड. मोठ्या ब्लिंपमध्ये, म्हणजे अशाच बिनसांगाड्याच्या एअरशिपमध्ये, हेलियमच्या आत साध्या हवेच्या पिशव्या असतात. हेलियम फुगला की हवा बाहेर सोडायची, आकसला की पंख्यानं भरायची. हेलियमचा थेंबही वाया जात नाही. पुढची पिशवी जास्त भरली तर नाक खाली येतं, मागची भरली तर वर. माझ्या फुग्यात ही पिशवीच नव्हती.

फुगा उतरवून शेडवर आणला. रात्री पोट उसवलं, आत पीव्हीसीची पिशवी हॉट एअर गननं चिकटवली, नळी बाहेर काढली. अण्णा मात्र बांबू सोडेनात. मग आठवलं, ब्लिंपच्या नाकावरही पट्ट्या असतात, वाऱ्यानं ते दबू नये म्हणून. अण्णांनी छत्रीच्या काड्यांसारख्या आठ बारीक बांबूपट्ट्या तासल्या आणि नाकावर खिशांत बसवल्या. रात्रीचे दोन वाजले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोर ओढून फुगा उतरवला, पिशवीतली हवा सोडली. संध्याकाळी पुन्हा भरली. साडेसहाला वारं आलं तेव्हा अण्णा रस्त्यावर उभे राहून नुसतं नाकाकडे बघत होते. नाक ताठ होतं.